जिन्याचा फोटो

“आला का पुन्हा हा प्लॉटवाला!” असं म्हणत कमरुन्निसाने मोबाइलवर बोट दाबलं आणि नांदेडच्या प्लॉटची जाहिरात गडप झाली. तिच्यामागोमाग केस वाढवायचं तेल गेलं, साड्यांचा सेलही गेला.

‘लातूरला शिकणारी लेकरं’ हा फेसबुकवरचा गट. मुखेड, मुदखेड, पार माहूरपर्यंतचे अकरा हजार आईबाप त्यात. पोरगं डॉक्टर व्हावं म्हणून लातूरच्या क्लासला धाडलेलं. सरकारी दवाखान्यातली नर्स कमरुन्निसा या गटाची अ‍ॅडमिन. नियम एकच, जाहिरात लेकरांच्या कामाची हवी. मेसचा डबा चालेल, जुनी कॉट चालेल, मागच्या वर्षीच्या नोट्स तर धावतील. खोलीची जाहिरात असली तर एक अट जास्तीची. इमारतीचा थाटमाट नको, जिन्याचा आणि बाहेरच्या दाराचा फोटो द्या. या अटीपायी हॉस्टेलवाल्यांनी तिला नावं ठेवली, पण बाई बधली नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, भर दुपारी धाकटा भाऊ अकरम येऊन धडकला.

“आपा, तीन दिस झाले. माझीच जाहिरात अडकली काय?”

“अडकली न्हाई. मी अडवली.”

अकरमने मुलींचं नवं हॉस्टेल काढलं होतं, लेकीचं, अलीझाचं नाव देऊन. चाळीस खोल्या रिकाम्या, प्रवेशाचे दिवस जेमतेम पंधरा, आणि आईबाप खोली शोधायचे ते याच गटात.

“थंड पाणी हाय, कॅमेरे हायत, लायब्ररी हाय. आनखी काय पायजे?”

“रात्री जिन्याखालच्या ग्रिलच्या दाराला कुलूप कुठून लागतंय?”

“भाइरून. किल्ली माझ्या घरी. पालकच कुलूप मागून राहिलेत, आपा. पोरींचं हॉस्टेल हाय.”

“कुलूप मागतेत, खरं हाय. किल्ली तुझ्या उशाखाली असती, हे त्यांना कुठं म्हाईत हाय?”

“सख्ख्या भावाला नियम लावतीस व्हय?”

“तुला तर पयला. अर्शीला इसरलास का?”

त्र्याण्णवच्या भूकंपाच्या त्या पहाटे अब्बा आणि ही दोघं अंगणात निजली होती. तापाने फणफणलेली पंधरा वर्षांची बहीण अर्शी आत, अम्मीजवळ. दार वाऱ्याने आपटू नये म्हणून अब्बांनी बाहेरून कडी घातलेली. जमीन हलली तशी आतून दोघींनी दार बडवलं. अब्बांचा हात कडीपर्यंत पोचायच्या आत मातीचं माळवद खाली बसलं होतं. बारा वर्षांच्या अकरमला पुढे कमरुन्निसानेच वाढवलं.

अकरम चहाला हात न लावता निघून गेला. चार दिवस फोन नाही. कमरुन्निसाला घास गोड लागेना. त्या अंगणातलं तेवढं एकच माणूस उरलेलं, आणि तेही रुसलेलं. पण बोट काही ‘मंजूर’वर गेलं नाही.

पाचव्या दिवशी ड्यूटीवरून येते तो जाहिरात पुन्हा आलेली. थंड पाणी नाही, लायब्ररी नाही. एकच ओळ: ‘ग्रिलची कडी आतून. बाई वॉर्डन आतच मुक्कामी.’ खाली एक फोटो. परक्याचा बघावा तसा तिने तो मोठा करकरून बघितला आणि मग मंजूर केला. दोन मिनिटांत माहूरच्या एका आईने विचारलं, जेवणात भाकरी मिळते का? उत्तर द्यायला कमरुन्निसाला अक्षरंच दिसेनात.

फोटोत जिना होता, खाली ग्रिलचं नवं दार होतं. दाराच्या आतल्या बाजूला अलीझा उभी होती, अर्शीच्याच वयाची, आणि तिचा हात कडीवर होता.