उतरलेली बॅटरी आणि गोदाची सही

"कल्याणला रिक्षानं जायला माझे पाय मोडलेत काय?" गोदा ओटीवरून बोलत होती. "सही मी हातानं करणार हाय, गाडीच्या चाकानं नाय."

"आई, मामाने सांगितलंय गाडीतनंच ये म्हणून. ऑफिसच्या दारात फोटो काढायचाय."

"कोणाचा फोटो? माझा का गाडीचा?"

"दोघींचा."

"मग गाडीला घाल लुगडं नि ने एकटीला. मी घरी ऱ्हाते."

सून भावना दारात उभी होती. तिला हसू आलं, ते तिने पदरात दाबलं. तिच्या मुलाने, नयनने, परत चावी फिरवली. गाडीने एकदा टक् केलं आणि गप्प झाली. ती टक् माझी. मी याच गाडीची बॅटरी बोलतेय. बॉनेटखाली उजव्या कोपऱ्यात चार वर्षं बसून होते, आणि त्या सकाळी मी मेलेली आहे असं सगळ्यांचं एकमत झालं होतं. मला विचारलं कुणी नाही.

माझ्याबद्दल सांगायचं तर थोडक्यात सांगते, कारण माझं आयुष्यच थोडकं. शिसं, ॲसिड, सहा कप्पे आणि वरून काळं प्लॅस्टिकचं कवच. कारखान्यातून बाहेर पडताना कपाळावर महिना आणि साल ठोकतात. माणसं पोर जन्मलं की नाव काय ठेवलं विचारतात. आम्हाला मात्र घेतानाच विचारतात, "किती वर्षं चालेल?" आणि विकणाराही लाज न बाळगता सांगतो, "तीन. चार. नशीब असेल तर पाच." अशा घरात पडल्यावर आम्ही कशाला जीव लावू? मी नाही लावला.

या घरात मी भाऊबीजेला आले. गोदाचं माहेर मोहन्याचं. रस्त्याला लागून बावीस गुंठे जमीन, बापाच्या मागे दोनच वारस, ती आणि तिचा धाकटा भाऊ चांगदेव. चांगदेवाने बहिणीला ओवाळणीत पांढरी गाडी दिली. नारळ, झेंडूचा हार, काचेला रिबीन. ठाकुर्लीची अख्खी आळी बघायला जमली. बायका म्हणाल्या, भाऊ असावा तर असा. गोदाने त्याला ओवाळलं, ते मी पाहिलं नाही, पण तबकातल्या सुपारीचा आवाज ऐकला.

गाडीचं पुस्तक कुणाच्या नावावर आहे, हे कुणी विचारलं नाही. ते चांगदेवाच्या नावावर होतं. "टॅक्सची भानगड हाय, बाय. नंतर करू नावावर," म्हणाला. बहिणीने मान डोलावली. ओवाळणीच्या ताटाशी बसून कागद मागणारी बाई आमच्या या पट्ट्यात अजून जन्मायची आहे.

आता माझा वापर कसा झाला ते ऐका. या घरात गाडी चालवायची नव्हती, दारात दिसायची होती. नयन जमिनीच्या दलालीत आहे म्हणतो. जमीन दुसऱ्याची, गिऱ्हाईक तिसऱ्याचं, याचे फक्त पांढरे शर्ट. तो फिरतो मोटरसायकलवर, गाडीवर धूळ बसेल म्हणून. गाडी बाहेर निघायची लग्नाला आणि हळदीला. बाकी दर रविवारी आंघोळ करून यायचा, उदबत्ती ओवाळायचा, गाडी चालू करायचा, जागच्या जागी पाच मिनिटं गुरगुरवायचा आणि बंद करून बायकोला सांगायचा, "बॅटरी चार्ज झाली."

कप्पाळ चार्ज झाली. एकदा गाडी चालू करायला माझ्यातून जे जातं, ते भरून यायला रस्त्यावर अर्धा तास तरी पळावं लागतं. पाच मिनिटांत काय मिळतं? ताटातली भाकरी काढून घ्यायची आणि बदल्यात चार शितं टाकायची, असा तो रविवारचा कार्यक्रम. दसऱ्याला तर बॉनेट उघडून माझ्या दोन्ही टोकांवर हळदकुंकू वाहायचा. टोकांवर आधीच पांढरी बुरशी चढलेली, त्यात हे. पूजा करून मारायची रीत माणसांना फार छान जमते.

पण मला खरी संपवली ती गाण्यांनी. गेले आठ महिने नयन रोज सात-साडेसातला गाडीत येऊन बसायचा. काचा बंद, इंजिन बंद, गाणी चालू. घरच्यांना वाटायचं पोरगा गाणी ऐकतोय. पाचव्या मिनिटाला गाणं थांबायचं आणि मामाचा फोन यायचा. त्याचा फोन गाडीला जोडलेला, म्हणून मामाचा आवाज गाडीच्या स्पीकरमधून यायचा. म्हणजे त्या दोघांचं बोलणं माझ्या जिवावर चालायचं. शब्दाशब्दाने मी उतरत होते.

काय बोलायचे ते पुढे कळेलच. एवढं सांगते की बावीस गुंठ्यांवर टॉवर उठणार होता आणि बिल्डरला गोदाच्या हक्कसोडीचा कागद हवा होता. हक्कसोड म्हणजे बहिणीने लिहून द्यायचं, बापाच्या जमिनीत मला काही नको. आमच्याकडे बहिणी देतात लिहून. नाही दिलं तर माहेरचा उंबरा बंद होतो. भाऊबीजेला कुणी येत नाही, मयताला कळवतात तेवढं. गोदानेही ठरवलं होतं, द्यायचं. "भावाकडनं हिस्सा मागणारी मी नाय," असं ती आळीत अभिमानाने सांगायची. भावाने गाडी दिली, आपण सही द्यावी. तिचा हिशेब सरळ होता, म्हणून तर तिला फसवणं सोपं होतं.

तर ती सकाळ. साडेअकराला कल्याणला रजिस्ट्रारकडे नंबर आणि मी उठेना. नयनने बॉनेट उघडून मला पान्याने दोन रट्टे मारले. मग टोकांवर गरम पाणी ओतलं. ठाकुर्लीच्या पुलाजवळ सीतारामचं बॅटरीचं दुकान आहे, त्याला फोन गेला. तो स्कूटरवर पायात नवी बॅटरी घेऊनच आला. न तपासताच. बातमी आली की तिरडी घेऊन येणाऱ्यातला.

"चार वर्षं झाली की हिला," माझ्या कपाळावरचा शिक्का वाचून तो म्हणाला. "आता काय, बारसं करणार काय?"

"किती होतील?" नयनने विचारलं.

"जुनी दिलीत तर पाच हजार आठशे. जुनी ठेवलीत तर सहा हजार सातशे."

म्हणजे मी नऊशेची. बरं झालं, किंमत तरी कळली. गोदाची अजून कुणी तोंडावर सांगितली नव्हती.

सीतारामने मीटर लावला, काटा बघून तोंड वाकडं केलं. "काकू, ही वयानं नाय गेली. नीट चालवली असती तर अजून वर्ष काढलं असतं. इंजिन बंद ठेवून कोणीतरी गाणी ऐकतं. रोज. कोण बसतं गाडीत?"

"योच बसतो," गोदा म्हणाली. "आठ महिने झाले."

"घरात रेंज नाही येत," नयन म्हणाला.

"गाण्याला रेंज कशाला लागते?" भावनाने विचारलं. तिला बिचारीला खरंच माहीत नव्हतं.

"तू आत जा गं," नयन खेकसला. "आणि आई, आटप. पैसे दे ह्याला. माझ्याकडे आत्ता नाहीत."

"माझा चष्मा सापडत नाय सकाळपासून. पैसे मोजू कशी?"

"चष्मा काय करायचाय? सही कुठं करायची ते मामा बोट ठेवून दाखवील."

गोदा आत गेली. नवरा गोपीनाथ गेल्यापासून दूध विकून साठवलेले पैसे कपाटात होते, ते हाताने चाचपून नोटा काढल्या आणि सीतारामला दिल्या. स्वतःला लुटायला न्यायच्या गाडीचा खर्च बाईने स्वतः भरला. मी पुष्कळ बघितलंय, पण याच्यापुढे ॲसिडसुद्धा गोड.

मग मला काढलं. चार वर्षांचे पट्टे, जुने बोल्ट, सीतारामने पान्याने पिळून सोडवले आणि मला ओटीच्या पायरीजवळ आपटलं. माझ्या जागी नवी बसली. चकचकीत, लाल टोपीची. चावी फिरवल्याबरोबर गाडी जागी झाली. नयनने आत कोंडलेला वास जावा म्हणून चारही दारं उघडी टाकली आणि आईला हाक मारली, "चल, बस."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. चांगदेव. नयनने फोन कानाला लावला आणि अंगणाच्या कडेला, फणसाकडे गेला. पण गाडी जागी झाली होती आणि तिने त्याचा फोन सवयीने ओढून घेतला होता. त्याच्या कानात काही आलं नाही. आवाज आला तो गाडीतून, गाण्यांसाठी वाढवून ठेवलेला, अख्ख्या आळीला पुरेल एवढा.

"काय रे, म्हातारी निघाली का? बिल्डरचा माणूस खोळंबलाय हिते."

"हॅलो, हॅलो," नयन फणसाखाली म्हणत होता.

"येतोय ना आवाज? ऐक. चष्मा काढून घेतलास ना तिचा? ती पेपर वाचते, कागद पण वाचील. गाडीबरोबर फोटो घ्यायचा, म्हणजे उद्या कोणी बोलायला नको की बहिणीला काय दिलं नाय. सही झाली की गाडी तुझ्या नावावर, वर टॉवरमधला दोन नंबरचा फ्लॅट. आणि घाई करू नको रे तिच्या मागे. पासष्टीची झाली, किती काढील? तीन, चार वर्षं. मग तिथलं घर पण तुझंच की."

नयन पळत आला. आधी फोनची बटणं दाबली, मग गाडीची. आवाज बंद व्हायच्या ऐवजी वाढला. सीताराम खाली मान घालून पाने गोळा करत होता. भावना दारात होती, तिने पदर तोंडाला लावला, पण आता हसू नव्हतं. शेजारच्या घराची खिडकी उघडली.

आठ महिने मी हे पोटात ठेवलं होतं. नव्या बॅटरीला पाच मिनिटंसुद्धा धीर निघाला नाही. तरुण पोरींचं असंच असतं, आणि पहिल्यांदाच मला त्याचा राग आला नाही.

नयनने काय करावं? खिशातून चष्मा काढला आणि आईपुढे धरला. सांगून ठेवते, माणूस पकडला गेला की आधी चोरीची सगळ्यात स्वस्त वस्तू परत करतो. गोदाने तो घेतला, पदराने पुसला, डोळ्यांवर चढवला आणि पोराकडे बघितलं. ती रडली नाही.

आता माझं थोडं राहिलंय, ते सांगून टाकते. थोड्या वेळाने सीताराम मला स्कूटरवर पायात घालून नेईल. मग भंगार. तिथे हातोड्याने कवच फोडतील, आतलं ॲसिड ओततील, शिसं वितळवतील आणि त्याची परत बॅटरी करतील, परत कपाळावर तारीख ठोकून. माझ्यासाठी हळहळू नका, तुमच्या हळहळण्याने एक दिवासुद्धा लागत नाही. मागणं असलंच तर एवढंच. गाडी असेल तर ती रस्त्यावर चालवा. नुसती दारात मिरवायची असेल तर पितळेचा घोडा आणून ठेवा, स्वस्त पडेल. आणि आमच्यावर हळदकुंकू टाकू नका. आम्हाला चालायचं असतं, पुजून घ्यायचं नसतं.

गाडीतून अजून आवाज येतच होता. "हॅलो? नयन? का रे गप्प झालास? निघालात का?"

गोदा ओटीच्या दोन पायऱ्या उतरली. मला न ओलांडता बाजूने गेली, तेवढा मान तिने मला दिला. गाडीच्या उघड्या दाराशी आली. आत बसली नाही. गुडघ्यावर हात ठेवून वाकली, आवाज जिथून येत होता तिथे तोंड नेलं आणि शेजारणीशी बोलावं इतक्या शांतपणे म्हणाली,

"चांगदेव, तुझी गाडी घेऊन जा, जाताना तिच्यात तुझ्या भाच्याला बी बसव, नि माझ्या अकरा गुंठ्यांसाठी आता ठाण्याच्या कोर्टात भेट."