पेलवेनासा झालेला शब्द

मी एक जुना शब्द आहे आणि मला एका घरातून हाकलून दिलेले आहे. हाकलणाऱ्यांवर माझा राग होता. आज तो थोडा कमी झाला आहे, पूर्ण गेलेला नाही. म्हणून आधीच सांगतो, मित्रांनो, माझी ही गोष्ट फार गोड नाही.

मूळचा मी तुमच्याच बाजूचा. संस्कृतात मला ‘महर्द्धिक’ म्हणत. तुमच्या गणपतीशेजारी जी ऋद्धी उभी असते, ती माझ्या पोटात आहे. ज्याच्यापाशी मोठी ऋद्धी, तो महर्द्धिक. म्हणजे श्रीमंत, सामर्थ्यवान. पुढे व्यापारी आणि भिक्षू यांच्या तोंडी बसून मी जहाजाने जावा बेटावर उतरलो. खाऱ्या हवेने लोखंड गंजते. शब्दाचे काय होते, ते मला तिथे कळले.

जावाच्या लोकांनी आधी माझी श्रीमंती काढून घेतली आणि मला ज्ञानी, साधुपुरुष केले. साधूंच्या गावांना राजा कर माफ करी, म्हणून मी ‘ज्याच्यावर कोणाचा हक्क नाही तो’ झालो. त्यानंतर डच आले. त्यांच्या बटाविया शहरात बंगालच्या आणि मलबारच्या किनाऱ्यावरून पकडून आणलेले गुलाम होते. त्यांतल्या ज्यांची सुटका होई, त्यांना माझे नाव मिळे. तेव्हा मला कोणी आदराने उच्चारत नसे. माझा उच्चार करताना लोकांचे ओठ किंचित वाकडे होत. ‘कालचा गुलाम’ एवढाच त्याचा भाव. श्रीमंतांच्या ओसरीवरून निघालेला मी, बेडीच्या वळापर्यंत खाली आलो होतो.

आणि मग एकोणीसशे पंचेचाळीस साली जावाच्या त्याच लोकांनी डचांविरुद्ध उठताना मला डोक्यावर घेतले. मूठ वर करून ते ओरडत, “मर्देका!” म्हणजे स्वातंत्र्य. आगगाडीच्या डब्यांवर चुन्याने मला लिहिले. रस्त्यात भेटणारी माणसे ‘कसे आहात’ न विचारता माझाच उच्चार करीत. तेवढे सुख मला त्याआधी नव्हते आणि त्यानंतरही नाही.

सुतिर्तो त्या ओरडणाऱ्यांपैकी एक. मेरापी डोंगराच्या पायथ्याशी, भातशेतांमधल्या एका गावात त्याचे घर होते. चार वर्षे तो डचांशी लढला. नदीच्या पुलापाशी त्याचे सोबती पडले, ते मलाच ओठांवर घेऊन. लढाई संपल्यावर सुतिर्तोला मुलगा झाला, तेव्हा त्याने माझे जुने, भारदस्त रूप शोधून काढले आणि बाळाचे नाव ठेवले महर्दिका.

गावाने वाहवा केली. बाळ बसू लागले तसे सुतिर्तोने त्याला शिकवले की नाव ऐकले की मूठ वर करायची. तो फाटकातूनच गरजायचा, “महर्दिका!” आणि आत चटईवर इवलीशी मूठ वर जायची.

पण कौतुक फार दिवस टिकले नाही. तांदूळ महागला, तशी शेजारची माणसे मलाच टोचू लागली. “काय रे सुतिर्तो, मर्देका झाली म्हणे! मग ताटात कसाव्याचे कंदच का?” सुतिर्तो त्यांच्या अंगावर धावून जाई. मीही मनात धुमसत असे. स्वातंत्र्य म्हणजे मी. भात शिजवणे हे माझे काम नव्हे.

पोर दीड वर्षाचे झाले आणि त्याला ताप येऊ लागला. दिवसाआड, थंडी वाजून. तापात डोळे फिरवायचे, हातपाय ताठ व्हायचे. वेनिंग, त्याची आई, त्याला केळीच्या पानावर निजवून ओल्या फडक्याने पुसत राही.

आता जावाच्या खेड्यांत एक समजूत आहे. लेकरू सारखे आजारी पडू लागले, की म्हणतात त्याला नाव जड झाले. नाव पेलत नाही म्हणून ते खचते. मग लाल आणि पांढरी खीर शिजवायची, शेजाऱ्यांना बोलवायचे, आणि बापाने सगळ्यांसमोर नवे, हलके नाव सांगायचे. त्यानंतर जुने नाव उंबऱ्याच्या आत कोणी घेत नाही.

सुतिर्तोच्या आईने, म्हाताऱ्या रुबियाने, पहिल्याच आकडीनंतर माझ्याकडे बोट दाखवले.

“लुराहला पेलणार नाही असलं नाव तू दूधपित्याला दिलंस, ले.” लुराह म्हणजे गावचा पाटील. ‘ले’ म्हणजे बाळा, पण तिच्या तोंडी तो चिमटा होता. “उतरव ते.”

“डचांची विमानं आली तेव्हा आम्ही हात वर केले नाहीत,” सुतिर्तो म्हणाला. “आता तुझ्या खिरीच्या वाडग्यापुढे करू?”

“विमानाला नातू नव्हता. मला आहे.”

मला म्हातारीचा संताप आला. माझे वजन करून बघा, मित्रांनो. कुठल्याही तराजूत मी शून्य भरेन. मी हवेची थरथर आहे. तोंडातून निघते आणि विरते. मी रक्तात शिरत नाही. रक्तात शिरतो तो डास चावल्यावर येणारा जंतू, आणि घरामागे पाणी तुंबलेली शेते होती. हे मला ठाऊक होते, पण माझी बाजू मांडायला मला कोणाचे तरी तोंड लागते, आणि त्या घरात दोनच तोंडे सारखी चालत होती.

तिसरे तोंड सायकलवरून आले. मांत्री सुवार्नो, औषधे देणारा. हा ‘मांत्री’ही मूळचा तुमचाच ‘मंत्री’, तिकडे राज्ये चालवायचा, इथे सुया टोचतो. सुवार्नोने पोराच्या बरगडीखाली बोटे दाबली.

“प्लीहा हाताला लागतेय. मलेरिया आहे. क्विनीन द्या. कडू असतं, केळ्यात दाबून द्या. आणि बरं वाटलं म्हणून मधेच थांबवू नका.”

“आणि नावाचं काय?” म्हातारीने विचारले.

“त्याची गोळी माझ्याकडे नाही, म्बाह.” म्बाह म्हणजे आजी.

“बघ!” सुतिर्तो आईवर ओरडला. “ऐकलंस? नावाचा काही संबंध नाही.”

“तुझ्या आधीचा माझा थोरला,” म्हातारी हळू आवाजात म्हणाली, “त्याला तुझ्या बापाने राजाचं नाव दिलं होतं. मीही म्हटलं होतं, बदलू या. तुझा बाप असाच हसला होता. तीन पावसाळे काढले पोराने.”

सुतिर्तो हसला नव्हता. तो अंगणात निघून गेला.

गोळी पहिल्या दोन वेळा पोराने ओकून टाकली. ताप पुन्हा चढला. मग म्हातारीने कोणाला न विचारता चूल पेटवली, गूळ आणि नारळाचे दूध घेतले, आणि शेजाऱ्यांना सांगावा धाडला. दुपार कलताना माणसे येऊन चटयांवर बसली. खिरीची पाने मधोमध मांडली. प्रार्थना झाली. आता बापाने बोलायचे होते आणि बाप आत नव्हता.

“खिरीवर साय धरली,” कोणीतरी खाकरून म्हणाले. “स्वातंत्र्यवीर कुठे गेले?”

बायका पदरात हसल्या.

सुतिर्तो विहिरीच्या काठाला टेकून उभा होता. वेनिंग त्याच्यापाशी गेली. तोवर ती या भांडणात एकदाही बोलली नव्हती.

“मास, आत चला.” नवऱ्याला ती ‘मास’ म्हणे.

“तूही? तुला पटतं हे? शब्दाने ताप येतो?”

“नाही. ताप डासाने येतो. गोळी मी देतेच आहे. आज तिसरी पोटात राहिली.”

“मग कशाला नाव बदलायचं?”

वेनिंग त्याच्या समोर येऊन उभी राहिली.

“तुम्ही त्याला हाक मारता ना, तेव्हा त्याच्याकडे बघत नाही. त्याच्या डोक्यावरून बघता. पुलाकडे.”

सुतिर्तोचा चेहरा लाल झाला. “ते मेले, वेनिंग. त्यांचं नाव कोणी तरी—”

“तुम्ही घ्या. रोज घ्या, मी दिवा लावते त्यांच्यासाठी. पण ती सगळी माणसं माझ्या दीड वर्षाच्या पोराच्या अंगावर नका घालू. त्याला अजून धड उभं राहता येत नाही.”

माझे वजन शून्य, असे मी वर म्हटले. ते खरेच आहे. पण त्या क्षणी मला कळले की माझ्यात काय काय ठेवले होते. पुलावरची प्रेते, न शिजलेला भात, लोकांचे टोमणे. सगळे त्याने माझ्यात भरले होते आणि मला उचलून एका इवल्या मुठीत दिले होते. म्हातारीला कारण चुकीचे दिसत होते, पण ओझे बरोबर दिसत होते. तिला हे श्रेय द्यायला मला आजही जड जाते.

सुतिर्तो आत आला. चटईवर बसला. तो म्हणाला, “वालुयो. आजपासून याचं नाव वालुयो.” वालुयो म्हणजे धडधाकट. सगळे “हो” म्हणाले आणि लाल-पांढरी खीर पानांत बांधून घेऊ लागले. म्हातारीने डोळे पुसले आणि लगेच कोणाला तरी झापले, “गूळ ओघळतोय, नीट बांध!”

मग सुतिर्तोने पोराला हाक मारली. “वालुयो.”

पोराने पाहिले नाही. मूठ वर गेली नाही. ते नाव त्याचे आहे, हे त्याला कसे कळणार?

सुतिर्तोने पुन्हा हाक मारली. पोर चटईची काडी उपसत बसले. शेवटी तो उठला, जवळ गेला, गुडघे टेकून वाकला आणि पोराच्या गालाला बोट लावून त्याच्या डोळ्यांत बघत हळूच म्हणाला, “वालुयो.”

पोराने मान वर करून बापाकडे पाहिले. बराच वेळ दोघे एकमेकांकडे बघत राहिले.

माझ्या हाकेने हे कधी घडले नव्हते. मी फाटकातूनच ऐकू जाणारा शब्द.

ताप पुढच्या आठवड्यात उतरला. म्हातारी म्हणते नावाने, मांत्री म्हणतो क्विनीनने. त्यावर ती दोघे अजून भांडतात. मी बाहेर रस्त्यावर असतो. भाषणांत, पाट्यांवर, मैदानांच्या नावांत. तिथे मला पेलणारी मोठी माणसे आहेत, निदान तसा त्यांचा दावा आहे.

मित्रांनो, तुमच्या घरांतही माझी भावंडे असतील. मोठमोठे, देखणे शब्द. ते मुलांना जरूर द्या. पण देण्याआधी प्रत्येकाला एकदा उपडा करून झाडा, तुमचे काय काय आत राहिले आहे ते काढून घ्या. आणि हाक मारायची तर जवळ जाऊन मारा.