कुरणापासून खिंडीपर्यंत

मित्रांनो, डोंगरातल्या नारिन गावच्या इस्पितळात, बाळंतिणींच्या खोलीत खिळ्याला टांगलेली मी एक जुनी वेदनापट्टी आहे. अंगाने अक्रोडाची, स्वभावाने जरा तिखट. खोगिरं करणाऱ्या सुताराने माझ्या एका टोकाला सपाट कुरण कोरलं, दुसऱ्या टोकाला उंच खिंड, आणि मधल्या खाचेत मेंढीच्या घोट्याचं हाड बसवलं. दुखत नसेल तर हाड कुरणात ठेवायचं, सोसवेनासं झालं की खिंडीत सरकवायचं. डॉक्टर दारिका रोज सकाळी आधी मला बघायच्या, मग औषध ठरवायच्या. मला त्याचा भारी तोरा होता. तो एका सकाळी उतरला.

मीरिम नावाची सून पोट चिरून बाळंत झाली होती. उशाशी तिची सासू मटणाचा रस्सा घेऊन बसली होती; नाव बुरुलचा, पण सगळे मानाने आपा म्हणायचे. दारिकाबाईंनी मला मीरिमच्या हाती दिलं. आमच्याकडे सून थोरांपुढे आवाज चढवत नाही, कण्हत तर मुळीच नाही. मीरिमने सासूकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"आण इकडे!" आपांनी मला ओढून घेतलं. "आमची सून घोडीसारखी दणकट आहे. मी तर बाळंत झाले नि दुसऱ्या दिवशी चूल पेटवली!" आणि त्यांनीच हाड कुरणात ढकललं.

"छान!" म्हणत दारिकाबाई पुढच्या खाटेकडे वळल्या.

छान कसलं, कपाळ! मीरिमच्या बोटांचा गार घाम माझ्या अंगावर होता. मला ओरडावंसं वाटत होतं, पण फळीला कुठलं तोंड? दुपारी तिचे ओठ पांढरे पडले. तरी आपांनी "कसं वाटतंय गं?" विचारलं की "बरं आहे, आपा," एवढंच.

दारिकाबाई परत आल्या. रस्सा तसाच होता. त्यांनी मीरिमकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आपा, शेजारच्या खोलीत ताजी नान आलीय. तोंडाला तरी लावून या."

नानला नाही म्हणायची आमच्यात रीत नाही. आपा उठल्या. दार लागलं.

"मीरिम, आता इथे सासू नाही, सून नाही. तुझं तू सांग."

तिने हाड असं ढकललं की खिंडीचा टवका उडाला. "याच्यापुढे जागा नाही का हो?" ती रडत म्हणाली.

दारिकाबाईंनी पोटाला हात लावला मात्र, त्यांचा चेहराच उतरला. आत रक्त साचत होतं. धावपळ करून मीरिमला पुन्हा शस्त्रक्रियेला नेलं. आपा नानचा तुकडा मुठीत धरून दारात उभ्या राहिल्या. "हाड मी सरकवलं गं बाई, मी!"

"आणि कुणी सरकवलं तिकडे मी लक्षच दिलं नाही, चूक माझीही," दारिकाबाई म्हणाल्या आणि आत धावल्या.

मीरिम वाचली. तेव्हापासून या खोलीत आधी घरच्यांना नान खायला बाहेर पाठवतात, मग मला खिळ्यावरून काढतात.

घरी जायच्या दिवशी मीरिमने मला उचललं आणि सासूच्या मांडीवर ठेवलं. "आपा, तुमचं सांगा. मी बाहेर जाऊ का?"

"बस इथेच," आपा म्हणाल्या. "ती चूल पेटवली ना, तिच्यापुढेच भोवळ येऊन पडले होते मी. कुणी विचारलंच नाही." आणि कित्येक वर्षांचं ते दुखणं त्यांनी सावकाश, खिंडीपर्यंत नेलं.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा असं मी म्हणत नाही. ज्याला दुखतंय त्याच्या हाती द्या, आणि आपला हात मागे घ्या.