एलीदेमावशीने पारखलेला जोड

मी एक जुना, काळ्या कातड्याचा, उंच टाचांचा जोड आहे. असतो दोघे, पण एकाला सोडून दुसऱ्याला कोणी विचारत नाही, म्हणून मी स्वतःला एकच समजतो. माझ्या आत एका नावाजलेल्या गृहस्थांच्या नावाचा सोनेरी ठसा आहे. ते मिलानमध्ये कागदावर माझं चित्र काढून मोकळे झाले. मला घडवलं ते ब्रेंता नदीकाठच्या कारखान्यातल्या बायकांनी, लाकडी पावलावर कातडं ताणून, खिळे ठोकून, तळ चिकटवून. त्यांच्यातली एकही मला पायात घालणार नव्हती. तेव्हापासूनच माझ्या मनात संशय शिरला, मित्रांनो. घडवणाऱ्याला मी मिळत नाही, मग ज्याला मिळतो त्याला माझी काय कदर असणार?

पुढे मी पादोवाच्या कमानींखालच्या एका दुकानात काचेमागे येऊन बसलो. मालकीण सिन्योरा झानेल्लाचा कोणावरच विश्वास नव्हता. गिऱ्हाईक आलं की ती आधी त्याच्या पिशवीकडे बघायची, मग पायांकडे. बायका मला घालून "अगदी आरामशीर!" म्हणायच्या आणि आत बोटं मुडपून घ्यायच्या. एकीने तर मला लग्नापुरतं नेलं, रात्रभर नाचवलं आणि सोमवारी "घट्ट होतात" म्हणून परत आणून टाकलं. हळूहळू मीही सिन्योरासारखाच झालो.

एका शनिवारी सकाळी दोघी आत आल्या. तरुण होती ती नीव्हेस, नुकतीच वकील झालेली. मंगळवारी ती पहिल्यांदा कोर्टात उभी राहणार होती. बरोबर तिला वाढवणारी एलीदेमावशी. मावशीच्या हाताची बोटं वाकडी झाली होती, कोटाचं एक बटण वेगळ्याच रंगाचं होतं. भाचीचा उंच टाचांचा पहिला जोड ती घेऊन देणार होती, आणि तोही ठशाचा.

मावशीने मला उलटं केलं, टाच हलवून पाहिली, आत अंगठा खुपसला आणि चक्क वास घेतला.

"नाकाला काय लावता? चीज आहे का ते?" सिन्योरा म्हणाली.

"चीज परवडलं. त्याची खोट दुकानातच कळते. जोड्याची घरी गेल्यावर."

ही बाई माझ्यात खोट काढायलाच आली आहे, असं मला वाटलं.

नीव्हेसने मात्र माझ्याकडे पाहिलंही नाही. तिने लाल जोड उचलला, माझ्याहून बराच उंच. घातला आणि आरशासमोर उभी राहिली.

"कसा आहे?" मावशीने विचारलं.

"मस्त गं."

"मग श्वास का रोखलायस?"

"वापरला की सैल होतो," सिन्योरा मध्येच म्हणाली. "कातडं आहे शेवटी."

"कातडं सैल होतं, बाई. बोटांची हाडं नाही होत. एकतीस वर्षं तळ चिकटवलेत मी, मला नका शिकवू."

नीव्हेसने तोंड फुगवून लाल जोड काढला आणि मला घातलं. ती चार पावलं चालली. "हा साधाच दिसतो," ती म्हणाली, "पण बरा वाटतोय."

"गालिच्यावर सगळेच जोडे गुणी. बाहेर दगडावर चालून ये."

"बाहेर?" सिन्योरा उसळली. "पैसे न देता? आणि परत आलीच नाही तर?"

मावशी खाली बसली. तिने स्वतःचे बूट काढले आणि पिशवीसकट काउंटरवर ठेवले. "घ्या. मी ओलीस. अशी अनवाणी कुठे पळणार आहे?"

सिन्योराने कुरकुरत माझ्या तळाला चिकटपट्टी लावली आणि दार उघडलं.

नीव्हेस आधी दबकत चालली. मग तिचं पाऊल लांब पडू लागलं. ओठांतल्या ओठांत ती काही पुटपुटत होती. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं, भाजीबाजार मागे पडला. माझ्या मनात पाल चुकचुकली. पळवलं वाटतं मला! म्हातारीही सामील असणार, बूट तर तिचे फाटकेच होते! कोर्टाच्या पायऱ्या आल्या. ती तरातरा वर गेली आणि मागे वळून मोठ्याने म्हणाली, "न्यायमूर्ती, माझ्या अशिलाने घर सोडलेलं नाही, त्याला हाकललंय!" एक कबूतर उडालं.

तेवढ्यात चर्चची घंटा झाली. नीव्हेसने खाली माझ्याकडे पाहिलं. "अगं बाई! मावशी!"

ती पळाली. माझ्यासकट, दगडांवरून.

दुकानात सिन्योराच्या हातात फोन होता. मावशी गार फरशीवर पाय आखडून बसली होती. तिच्याही डोळ्यांत शंका आली होती, ती मला दिसली.

"पाऊण तास! कुठे तडफडली होतीस?" मावशीने विचारलं.

"कोर्टापर्यंत गेले होते. डोक्यात खटला चालला होता, मावशी. पायात नवा जोड आहे हेच विसरले."

मावशी सिन्योराकडे वळली. "हाच बांधा."

सिन्योराने फोन ठेवला. मावशीचे बूट काउंटरवरून उचलले, खाली वाकली आणि स्वतःच्या हाताने तिच्या पायांत घातले. "राहू द्या हो," मावशी म्हणत राहिली, पण पाय तिने मागे घेतले नाहीत.

मित्रांनो, पहिला खटला नीव्हेस हरली. पण पाच तास उभी राहिली आणि एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. एवढं मोठं कौतुक माझ्या वाट्याला पुन्हा आलं नाही. अकरा वर्षं मी तिच्याबरोबर कोर्टात गेलो. मोच्याने तीनदा माझ्या टाचांखालच्या चकत्या बदलल्या. मग एका पावसाळी संध्याकाळी मला ओलंच हीटरजवळ ठेवलं गेलं आणि पुढचं कातडं तडकलं. आता मी कपाटात खाली असतो, धूळ खात.

माझं मागणं फार नाही. भिजलेल्या जोड्यात कागद भरा आणि त्याला सावलीत वाळू द्या. आणि घरातलं कोणी नवा जोड घालून आरशासमोर उभं राहिलं, तर "छान दिसतोय" म्हणण्याआधी "टोचतोय का?" असं विचारा. उत्तर "नाही" आलं, तर लगेच विश्वास ठेवू नका. पुन्हा विचारा.