खाणीत मागे ठेवलेला खांब

मित्रांनो, मी चांदीच्या एका जुन्या खाणीतला खांब आहे. पण मला कुणी बांधलं नाही हं! माझ्या चारही बाजूंचा दगड माणसांनी खणून नेला, मी तेवढा उरलो, म्हणून खांब झालो.

माझा जन्म फार जुना, माणूस पृथ्वीवर यायच्याही आधीचा. तेव्हा जमिनीच्या पोटात खडकाला एक लांबलचक भेग पडली होती. खालून उकळतं पाणी त्या भेगेतून वर यायचं. किटलीच्या तळाला पांढरा थर धरतो ना, तसंच ते पाणी निवता निवता कडांवर पांढरी गारगोटी आणि तिच्यात थोडी थोडी चांदी सोडून जायचं. असं लाखो वर्षं चाललं. शेवटी भेग भरून गेली. तीच चांदीची शीर, आणि मी तिचा तुकडा. मग चकाकत का नाहीस, असं विचाराल. अहो, दगडातली चांदी काळपट असते, काजळीसारखी. खाणीत नवा आलेला प्रत्येक जण माझ्याकडे बघून नाक मुरडायचा.

माणसं शीर खणत खणत आत गेली. माथ्यावर अख्खा डोंगर. तो खाली येऊ नये म्हणून मधला थोडा दगड न खणता सोडायची त्यांची रीत होती. तसं मला सोडलं. माझ्यात चांदी भरपूर होती, तरी मला हात लावायला सक्त मनाई.

रोज सकाळी मुकादम एकटेच माझ्याजवळ यायचे, हातोड्याने तीन ठोके मारायचे आणि कान देऊन ऐकायचे. आवाज खणखणीत आला की मागे वळून ओरडायचे, "गडी ठणठणीत आहे! चला कामाला!" आवाज बद्द आला तर दगड आतून तडकला असं समजायचं, आणि मग कुणीही आत यायचं नाही. त्यांच्या तोंडून 'गडी' ऐकलं की मला काय अभिमान वाटायचा म्हणून सांगू!

मग शीर बारीक होत गेली. टोपल्या भरेनात. खाण बंद होणार अशी कुजबुज सुरू झाली. एक दिवस कुणीतरी माझ्या मागच्या बाजूने मूठभर दगड काढला. "एवढ्याने काय होतंय!" तो स्वतःशीच पुटपुटला. दुसऱ्या दिवशी दुसरा आला. मुकादमांचा जावईसुद्धा आला. प्रत्येकाला वाटायचं, आपण एकट्यानेच काढतोय. मी मात्र मागून पोखरला जात होतो. एके रात्री माझ्या पोटात तडा गेला आणि मी घाबरलो.

सकाळी मुकादमांनी ठोकलं. आवाज बद्द आला. तरी ते ओरडले, "गडी ठणठणीत आहे!"

तीस वर्षं सुरुंगांचे बार ऐकून त्यांचे कान गेले होते, मित्रांनो. हे त्यांनी कुणालाही कळू दिलं नव्हतं. पण त्या दिवशी त्यांचा दिवा बिघडला होता, म्हणून जावई आपला दिवा धरून शेजारी उभा होता.

"मामा, थांबा. आवाज बद्द आलाय," तो त्यांच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्याने म्हणाला.

"तीस वर्षं ठोकतोय मी, जावईबापू! आता तुम्ही मला शिकवणार?"

मागची बावीस माणसं पुढे सरकली होती. जावयाने हात आडवा करून त्यांना थांबवलं. "तुम्हाला ऐकू येत नाही, मामा. घरात सगळ्यांना ठाऊक आहे, तोंडावर कुणी बोलत नाही. आणि मागून दगड काढलाय. मीपण काढलाय."

मग मागून एक जण म्हणाला, "मीसुद्धा."

"मी तर दोनदा," आणखी एक बोलला.

मुकादम लालबुंद झाले. मला वाटलं, आता हातोडा जावयाच्या डोक्यात बसतो! पण त्यांनी लोखंडी पहार उचलली, एक टोक माझ्यावर टेकवलं आणि दुसरं दातांत धरलं. पक्का दगड ठोकला की पहारेतून दातांत झिणझिण्या येतात.

"हाणा," ते दात न उघडता म्हणाले.

जावयाने तीन ठोके मारले. झिणझिण्या आल्याच नाहीत. मुकादमांनी पहार खाली ठेवली.

"सगळे वर चला. हत्यारं राहू द्या."

सगळ्यात शेवटी ते निघाले. जाताना मला थोपटून म्हणाले, "धर रे बाबा, थोडा वेळ."

मी जिवाच्या आकांताने धरलं. माणसांना वर नेणारा पिंजरा शेवटच्या खेपेला वर गेला, माझी डावी बाजू सुटली आणि पलीकडचं छत कोसळलं. तिथे कुणीच नव्हतं.

खाण बंद झाली. कित्येक वर्षं मी अंधारात पाण्याचे थेंब मोजत होतो. मग लोखंडी टेकू आले, दिवे आले, तिकीट काढून पाहुणे येऊ लागले. त्यांना माहिती सांगायला कोण? केस पिकलेला तोच जावई! एकदा तो थकलेल्या मुकादमांना घेऊन आला आणि पाहुण्यांसमोर त्याने हातोडा त्यांच्या हाती दिला. "मान तुमचा, मामा."

मुकादमांनी हातोडा परत केला. "तुम्हीच ठोका आणि तुम्हीच सांगा, जावईबापू. मला ऐकू येत नाही." सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलले ते.

जावयाने ठोकलं आणि तो त्यांच्या कानाशी ओरडला, "अर्धाच उरलाय, मामा, पण ठणठणीत आहे!"

मित्रांनो, मला बघायला जरूर या. आठवण म्हणून मूठभर दगड न्यावासा वाटला, तर आधी माझ्या मागच्या बाजूवर हात फिरवा. एकेका मुठीएवढे खळगे लागतील.