हावड्याचा गोल आणि वेसाव्याचं जाळं

मी जाळं आहे, पण माझ्या पोटात आजवर एकही मासा आलेला नाही. मी गोलाच्या खांबांमागे उभा राहणारा. जन्म मात्र कोळ्याच्या हातचा.

सन एकोणीसशे चौऱ्याऐंशी. देशभरातल्या कारखान्यांच्या फुटबॉल संघांचा चषक त्या वर्षी अंधेरीत होता. साकीनाक्याच्या एका कारखान्याचा संघ अंतिम सामन्यात पोचला. सामन्याला बारा दिवस उरले आणि मैदानावरची जुनी जाळी उंदरांनी खाल्ल्याचं कळलं. दुकानातून नवी यायला महिना लागणार होता.

संघाचा सेक्रेटरी श्यामसुंदर वेसाव्याच्या कोळीवाड्यात आला. तो सावंतवाडीकडचा, आधी गिरणीत होता, आता या कारखान्यात. संघाचा गोलरक्षक रामनाथ. त्याचा बाप अनंता नाखवा किनाऱ्यावर बसून होडीचं जाळं सांधत होता.

"नाखवा, दोन जाळी विणून हवीत. गोलाची."

अनंताने मान वर केली नाही. "मासा केवढा?"

श्यामसुंदरने पिशवीतून बॉल काढून पुढे धरला. अनंताने तो हातात घेऊन दाबला, फिरवला, परत दिला.

"जाळ्याचा डोळा पाच बोटांचा पुरे. अकरा दिवस लागतील."

असा माझा जन्म ठरला. होडी किनाऱ्याला लागली की अनंता दुपारी मला घेऊन बसायचा. एका हातात लाकडी सुई, दुसऱ्यात मापाची पट्टी. नायलॉनचा जाड दोरा. प्रत्येक गाठ तो दातांत धरून ओढायचा. त्याची बायको सरूबाई मासळीची पाटी उतरवता उतरवता बोलायची, "घरचा जाला फाटलाय, आनि तू बॉलसाठी विनतंस! बॉल काय कालवनात घालनार हाय?"

"पोराचा सामना हाय," अनंता म्हणायचा. एवढंच.

एवढंच नव्हतं. रामनाथ त्या कारखान्यात चार वर्षं बदली कामगार होता. कोणी रजेवर गेला तर काम, नाहीतर दारातून परत. मालकाने संघाला शब्द दिला होता, चषक आणा, संघातले सगळे बदली कामगार कायम करतो. रामनाथला दर्यावर जायचं नव्हतं. आणि बापालाही त्याला न्यायचं नव्हतं. ट्रॉलर आल्यापासून होडीला रोज मासळी मिळेल याचा भरवसा उरला नव्हता.

सामन्याच्या सकाळी अनंताने मला आणि माझ्या जोडीदाराला स्वतः खांबांना बांधलं. स्पर्धेच्या समितीचे लोक आले. एकाने माझ्या गाठी ओढून बघितल्या.

"पक्कं आहे ना, नाखवा?"

"चाळीस वर्सं जाली विनतो. माज्या गाठीतून काय सुटला नाय."

गाठी सगळ्यांनी बघितल्या. मला खांबाला कशाने बांधलंय ते कोणी बघितलं नाही. अनंतानेही नाही. हात आपले चालत गेले.

चारला सामना सुरू झाला. समोर हावड्याच्या ताग गिरणीचा संघ. पोरं बारीक, पण पायात वारं. मैदानाभोवती माणसं फळ्यांवर, भिंतीवर, ट्रकच्या टपावर. सरूबाई वेसाव्याच्या पंधरा बायका घेऊन आली होती. हावड्याच्या कोणी बॉल घेतला की त्या मासळीबाजाराच्या आवाजात ओरडायच्या. अनंता माझ्यामागे चटईवर बसला होता. जाळं त्याचं, म्हणून ती जागा त्याला दिली होती. तो ओरडला नाही. टाळीही वाजवली नाही.

मध्यंतरापर्यंत गोल नाही. मध्यंतरानंतर संघांनी बाजू बदलल्या आणि रामनाथ माझ्यापुढे आला. त्याने दोन बॉल मुठीने उडवले, एक पोटाशी धरला. प्रत्येक वेळी उठून अंगावरची माती झाडायचा आणि मागे न बघता उभा राहायचा. बाप मागे आहे हे त्याला माहीत होतं.

एकाहत्तराव्या मिनिटाला हावड्याचा डावा खेळाडू आत घुसला आणि त्याने जमिनीलगत फटका मारला. रामनाथने उडी घेतली. बॉल त्याच्या बोटांखालून, खांबाच्या आतल्या बाजूने आला आणि माझ्या कडेवर आदळला.

मी धरला असता. माझी एकही गाठ हलली नाही. पण मला खांबाला बांधलेले दोरे तुटले. एक, दोन, तीन. खांब आणि मी यांच्यात फट पडली आणि बॉल तिथून बाहेर, लोकांच्या पायांत गेला.

लांबून बघणाऱ्याला वाटलं, बॉल खांबाच्या बाहेरून गेला. रेफरी लांब होता, मध्ये खेळाडूंची गर्दी. लाइन्समनलाही दिसलं नाही. रेफरीने गोलकिक दाखवली.

हावड्याचा कप्तान धावत आला. "दादा, बॉल अंदर था! अंदर!"

बघता बघता दहा हात माझ्यावर पडले. कोणी मला आत ओढत होता, कोणी बाहेर. माझी कड कुठल्या बाजूला फेकली गेली होती, ते कळायची सोय राहिली नाही.

श्यामसुंदर आत घुसला. "साहेब, हे जाळं वेसाव्याच्या कोळ्याने विणलंय. आतून बॉल लागला तर सुटायचं नाही. बाहेरून लागला, म्हणून दोरे तुटले. हे बसलेत नाखवा, विचारा त्यांना!"

रेफरी पुण्याचा, वयस्क माणूस. तो अनंताजवळ आला. "जाळं तुमचं?"

"माजा."

"आतून बॉल लागून ते असं सुटू शकतं का?"

नुसती मान हलवायची होती. नाही म्हटलं असतं तर त्याचं चाळीस वर्षांचं नाव राहिलं असतं आणि पोराची कायम नोकरीची आशाही. श्यामसुंदर बोटांनी खुणावत होता. अनंता उठला. खांबाजवळ येऊन बसला आणि तुटलेल्या दोऱ्याचं टोक त्याने चिमटीत धरलं. तेव्हा मला त्याचा चेहरा दिसला. दोरा कुठला, ते त्याला तेव्हाच कळलं.

"सुटतो," तो म्हणाला. "ह्यो कच्चा सुती दोरा हाय. आमी दर्यात असाच बांधतो. जाला खडकात अडकला तर दोरा तुटावा, जाला वाचावा. हातानं सवयीनं तोच बांधला. इथं खडक नाय, हे माज्या ध्यानात आला नाय. चूक माजी हाय."

"काय करतास, नाखवा!" श्यामसुंदरने कपाळावर हात मारला. "पोराच्या पोटावर पाय देतास?"

"तू गप ऱ्हा, सेक्रेटरी."

"मग बॉल कुठून गेला?" रेफरीने विचारलं.

"ते मी नाय सांगनार. मी त्याचा बापूस हाय. मैदानात तो हाय. त्याला इचारा."

सगळे रामनाथकडे वळले. भिंतीवरून कोणी ओरडलं, "रामन्या, तोंड उघडू नकोस रे! वाट लागेल!" रामनाथ हातातले मोजे काढत होता. काढून झाले, पुन्हा घातले. बापाकडे बघितलं. बाप त्याच्याकडे बघत नव्हता. तो तुटलेले दोरे खांबावरून सोडवत होता.

"आतून गेला," रामनाथ म्हणाला. "माझ्या हाताखालून."

रेफरीने शिटी मारली आणि मैदानाच्या मध्याकडे हात केला. हावड्याची पोरं एकमेकांवर पडली. वेसाव्याच्या बायका खाली बसल्या. मग सरूबाईचाच आवाज आला, "आता काय बघत बसलायस? उभा ऱ्हा गोलात!"

सामना सहा मिनिटं थांबला. अनंताने कंबरेची नायलॉनची दोरी सोडली, तिचे तुकडे केले आणि मला पुन्हा बांधलं. या वेळी त्याने प्रत्येक फासात बोट घालून पाहिलं. लोक शिव्या देत होते. तो बांधत होता.

एकोणीस मिनिटं उरली होती. तसा खेळ मी पुन्हा पाहिला नाही. साकीनाक्याच्या पोरांनी बॉल खाली पडू दिला नाही. एकदा तो हावड्याच्या आडव्या दांडीवर लागून वर गेला. हावड्याने तीनदा उलट चाल केली. तिन्ही वेळा रामनाथ आडवा झाला. एकदा त्याच्या नाकातून रक्त आलं, ते त्याने बाहीला पुसलं. त्या एकोणीस मिनिटांत माझ्याकडे एकही बॉल आला नाही.

चषक हावड्याला गेला. रामनाथ कायम झाला नाही. मला खांबावरून सोडताना अनंता त्याला म्हणाला, "उद्या कामाला जा."

"बदलीवरच?"

"बदलीवर. दारातून परत पाठवला तर परवा जा."

तो गेला. दीड वर्ष गेला आणि मग कायम झाला. चषकाने नाही, हजेरीने.

आज मी त्याच मैदानावर आहे. उन्हाने पिवळा पडलोय, दोन ठिकाणी दुसऱ्याच कोणी ठिगळ घातलंय आणि ते वाईट घातलंय. कावळे माझ्यावर बसतात. कोणी धुतलेले कपडे वाळत घालतो. मी सहन करतो. पण तुमच्यापैकी कोणी खेळायला आलात, तर आधी माझ्यावरचे कपडे काढा आणि मग जोरात मारा. मी धरीन. आत गेला की बाहेर, ते मात्र तुमचं तुम्ही सांगा.