रानातल्या लग्नाचे साक्षीदार

अर्धांगाने वाचा गेलेल्या नवऱ्याला, एलीला, दोघा मुलांनी खुर्चीसकट डोंगर उतरून कचेरीत आणलं, तेव्हा इझाबोचा जीव भांड्यात पडला. वाटेतच त्याचं काही बरंवाईट होतं तर सगळंच मुसळ केरात! चाळीस वर्षांचा संसार, पाच मुलं, आणि तरी कायद्याच्या लेखी ती कुमारिका आणि थोरल्या गेदेओंपासून सगळी मुलं अनौरस. का, तर कॅथलिक पाद्रीबाबाच्या वहीत नोंद नाही. आता राजाला उशिरा का होईना शहाणपण सुचलं होतं. प्रोटेस्टंट जोडप्यांनी चार साक्षीदार घेऊन न्यायाधीशापुढे यावं, लग्न सांगावं, की ते कायदेशीर. एलीला मरण्याआधी एवढंच हवं होतं.

न्यायाधीश तरुण होता, सर्दीने बेजार. "लग्न कुठं झालं?"

प्रोटेस्टंट प्रार्थनेला बंदी, म्हणून रानात चोरून भरणाऱ्या सभेची जागा सांगायची नाही, तिथे कोण होतं ते तर मेलं तरी सांगायचं नाही, हे इझाबोला आईच्या दुधाबरोबर मिळालं होतं. कोण्या घरभेद्याने नावं फोडली म्हणून तिचा बाप राजाच्या जहाजावर साखळदंडात वल्ही मारत मेला होता.

"बरं, साक्षीदार सांगतील. लग्नाला होतात ना तुम्ही?"

"मी? छे हो साहेब!" मोईझ म्हणाला. "मी तापाने फणफणलो होतो तेव्हा."

"मी बहिणीच्या गावी," सारा पुटपुटली.

"आम्ही तर पोरं होतो," अझेमार बंधूंपैकी थोरला म्हणाला. तो तेव्हा तेवीस वर्षांचा घोडा होता.

मागच्या बाकावर खसखस पिकली. न्यायाधीशाने लेखणी खाली ठेवली. "अहो, मग साक्षीला कशाला आलात? लग्न झालंय तरी का यांचं? पुढचं जोडपं बोलवा."

एलीने चांगला हात खुर्चीवर आपटला. पुन्हा आपटला. त्याचे डोळे भरून आले होते. इझाबोला स्वतःचाच असा राग आला की बस्स.

"झालंय!" ती ओरडली. "शेंदऱ्या कड्याखालच्या घळीत झालंय, पहाटे, पावसात. हा मोईझ खोटं बोलतोय, हा तर कड्यावर पहारा देत होता. आणि सारा, माझ्या डोक्यावरचा रुमाल कुणी बांधला गं? हे दोघे अझेमार स्तोत्र म्हणत होते, तेही बेसूर!"

बोलून झालं आणि मग तिच्या ध्यानात आलं. चार माणसांची नावं तिने राजाच्या माणसापुढे घेतली होती. नाव घेणाऱ्यांना ती जन्मभर शिव्या देत आली होती. शिपाई दारातच उभा होता. तो तिथेच उभा राहिला, जांभई देत.

"बेसूर नव्हतं काही," थोरला अझेमार हळूच म्हणाला.

"रुमाल मीच बांधला, साहेब," सारा रडत म्हणाली. "लिहा माझं नाव."

"आणि लग्न लावलं कुणी?"

"पाळक जोझुए रुव्हिएर."

मागच्या बाकावरची माणसं एकेक करून उभी राहिली.

"ज्यांना पुढं फाशी झाली, तेच का?" न्यायाधीशाने विचारलं.

"तेच. आधीच्या राजाने दिली."

त्याने नाक पुसलं, लेखणी शाईत बुडवली आणि राजाच्या वहीत ते नाव सावकाश, ठळक लिहिलं. मग एली आणि इझाबो कायद्याने नवरा-बायको असल्याचं वाचून दाखवलं. एलीने तिचा हात धरला तो सोडेचना.

गेदेओं मात्र तोंडाचा आ वासून उभा होता. "शेंदऱ्या कड्याखाली? आई, अगं, रोज शेळ्या तिथंच तर चारतो मी! एकदा तरी सांगायचंस."

"आता सांगते ना," इझाबो म्हणाली. "चल, बाबांची खुर्ची धर. जाताना तुला जागा दाखवते."